उलटी बाजू

"ती गोधडी बसमध्येच ठेव. चार लोकांत शोभा नको," हे म्हणाले. कच्छची सकाळ बोचरी होती. मी गोधडी आणखी घट्ट लपेटली आणि भरतकाम करणाऱ्यांच्या वस्तीत शिरले.

अंगणात बायका कापडावर आरसे टाचत बसल्या होत्या. मी त्यांच्या कामाला हात लावणार, तोच त्यांच्यातल्या म्हातारीनं माझीच गोधडी ओढून घेतली आणि सरळ उलटी केली. पुढून काय, कोणाचंही काम छान दिसतं. शिवणारीची परीक्षा मागच्या बाजूला. वीस वर्षं पांघरूनही आमच्या यांनी ती बाजू कधी पाहिली नव्हती. म्हातारीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. एकही गाठ सापडेना.

"कोणी शिवली?" तिनं मोडक्या हिंदीत विचारलं. मी छातीवर हात ठेवला.

मग जो गलका झाला! शेजारणी धावत आल्या, चहा आला, कुणीतरी मला फेर धरायला ओढलं. निघताना माझ्या अंगावर आरशांची शाल होती आणि मी लग्नातल्यापेक्षा जास्त लखलखत होते.

बसमध्ये हे बघतच राहिले. "गोधडी कुठाय?"

"दिली. तिच्या बदल्यात ही मिळाली. त्यांनी ती दारासमोरच्या भिंतीवर टांगलीय."

"दारासमोर? अगं, तिला माझ्या जुन्या लेंग्याची ठिगळं आहेत!"

"ती दिसत नाहीत हो," मी हसू आवरत म्हटलं. "उलटी टांगलीय."