फॉर्म देणारी मॅडम

मेंदूविज्ञानाच्या नव्या वर्गाला विषयाची ओळख सरांनी पोरांना फसवूनच करून दिली. सकाळी फॉर्म वाटणाऱ्या मॅडम पेन पडलं म्हणून काउंटरखाली वाकायच्या आणि त्यांच्या जागी कॉलेजची सफाई कामगार मैनाबाई फॉर्म घेऊन उभी राहायची. मुलं तिलाच “थँक यू, मॅडम” म्हणून पुढे सरकायची. त्याच वर्गात नवी आलेली तिची लेक मयुरी, तीही तसंच म्हणाली आणि निघून गेली.

दुपारी सरांनी वर्गात व्हिडिओ लावला. “बाई बदलली, हे कोणाला कळलं?”

एकही हात वर झाला नाही.

“दोष तुमचा नाही, मेंदूचा आहे. लक्ष फॉर्मवर असलं, की समोरचा माणूस बदललेला दिसत नाही.”

सगळे खो खो हसले. दाराशी उभ्या मैनाबाईच्या जिवात तेव्हा कुठे जीव आला.

संध्याकाळी सक्करदऱ्याच्या घरी पोळी वाढता वाढता तिनं सांगून टाकलं, “सकाळपासून एकच जिना तीनदा झाडला वं मी. म्हटलं, पोरीले माह्यी लाज वाटून राहिली का काय! पण सर म्हणे, कोणालेच दिसत नाही. मंग तुले तरी कशी दिसन मी? येडी मी, काहीबाही धरून बसली!”

 

मयुरी म्हणाली, “दिसली होती तू मले, आई.”