फादर कॉस्टिगनच्या डोक्यावरची चिलटं

क्लॅरी पेंगेलीची शवपेटी खड्ड्यात उतरली, फादर कॉस्टिगननी पुस्तक उघडलं, आणि नेमकं तेव्हाच व्हर्ना डूलनचं प्रार्थनेवरचं लक्ष उडालं. फादरांच्या टकलाच्या वर हातभर अंतरावर चिलटांचा एक विरळ थवा नाचत होता.

उत्तर क्वीन्सलंडात चिलटांचं कुणाला काय कौतुक? तळ्याकाठच्या त्या दफनभूमीत तर माणसं रडायला यायची आणि खाजवत घरी जायची. पण ही चिलटं कुणाला चावत नव्हती. एकाच जागी खालीवर, खालीवर चालली होती. असे नाचतात ते नर. व्हर्नाचा हात पर्सकडे गेला.

क्लॅरी म्हणजे संग्रहालयातला चिलटांचा माणूस आणि व्हर्ना त्याची मदतनीस. बावीस वर्षांपूर्वी याच तळ्यावर त्याला एक मादी चावली. तिच्या पंखावर तीन ठिपके होते आणि तिसरा अर्धाच होता. ही जात नवी आहे, असं क्लॅरी म्हणाला. दक्षिणेतले बडे तज्ज्ञ म्हणाले, ठिपका पुसला असेल. वाद मिटवायला नरच हवा होता, कारण त्याच्या शेपटाकडचा बाकदार आकडा जातीजातीत वेगळा असतो आणि तो काही पुसला जात नाही. माद्यांना तोटा नव्हता, त्या आपण होऊन अंगावर यायच्या. नराचा मात्र पत्ता नव्हता. अर्धा लिहिलेला शोधनिबंध, जातीला नाव न देताच, खणात पडून होता, आणि सोमवारी संग्रहालय तो खण रिकामा करणार होतं.

व्हर्नाच्या पर्समध्ये रुमाल नव्हता, पण चिलटं तोंडानं ओढून घ्यायची काचेची नळी होती. ती हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. चाळीस माणसं माना खाली घालून उभी होती. फादर आटोपशीर प्रार्थनेबद्दल जिल्ह्यात प्रसिद्ध होते, आणि एव्हाना ते शेवटच्या पानावर आले होते.

"काय झालं?" शेजारून युनानं, क्लॅरीच्या बायकोनं, हळूच विचारलं.

व्हर्नाला लाज वाटली. या बाईच्या फ्रीजरमध्ये वाटाण्यांशेजारी चिलटांच्या बाटल्या असत, आणि जेवताना चिलटांचं नाव काढायची तिच्या घरात बंदी होती. "नर आहेत, मिसेस पेंगेली," ती कशीबशी म्हणाली. "बहुतेक."

युनानं वर पाहिलं. मग घसा साफ करून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "फादर, हलू नका. आणि थांबूही नका."

"युना, शेवटचंच वाक्य राहिलंय."

"मग पहिल्यापासून वाचा."

विधवेपुढे कोण बोलणार? फादरांनी पानं उलटी चाळली. फादर पडले सव्वासहा फूट, तेव्हा घडीची खुर्ची आणावी लागली. उसाच्या दोन शेतकऱ्यांनी तिचे पाय घट्ट धरले, आणि व्हर्ना नळी तोंडात धरून वर चढली. थवा जरा हलला की तीही हले आणि खुर्ची चिखलात आणखी रुते. मातीचं मातीला मिळतं, हे क्लॅरीला त्या संध्याकाळी तीनदा ऐकवण्यात आलं. तिसऱ्या वेळी फादरांच्या कानाला एक मादी कडाडून चावली. त्यांचा आवाज एकदम वर चढला, पण मान हलली नाही. मागे कुणीतरी म्हणालं की फादर इतक्या कळकळीनं वाचताना आजवर ऐकले नव्हते.

सूर्य उसाआड गेला आणि थवा विरून गेला. व्हर्ना खाली उतरली तेव्हा नळीत सात होते. फादरांनी "आमेन" म्हणून आधी कानावर चापट मारली.

तिनं भिंग लावलं. पिसासारख्या झुपकेदार मिशा, म्हणजे नर. पंखावर तीन ठिपके. तिसरा अर्धा. सातही जणांचा अर्धाच. आकडा उद्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा होता, पण व्हर्नाला तिथेच रडू फुटलं. सबंध प्रार्थनेत आलं नव्हतं ते आता आलं.

युनानं भिंग घेतलं आणि बराच वेळ नळीत पाहिलं. बावीस वर्षं आपली प्रत्येक संध्याकाळ कुणी खाल्ली, ते ती प्रथमच बघत होती.

"रोज यायचा तो इथे," ती म्हणाली. "पाऊस असो, ताप असो. मग त्याला का नाही सापडले?"

व्हर्नाला उत्तर खुर्चीवर असतानाच सुचलं होतं. सांगू नये असंही वाटलं होतं. "हे सगळ्यात उंच वस्तूच्या डोक्यावर नाचतात, असं दिसतंय," ती म्हणाली. "आणि क्लॅरी तर... बिचकू नयेत म्हणून गवतात पालथा पडून राहायचा. त्याच्यामागे मीही."

दोन्ही शेतकरी खुर्चीची घडी घालण्यात गुंतले.

युना खड्ड्याच्या काठाशी गेली आणि गुडघ्यावर हात टेकून आत वाकली.

"ऐकलंस, क्लॅरी?" ती म्हणाली. "नुसतं उभं राहायचं होतं रे."