ठरलंय तसंच

मोहोळला भावाच्या साखरपुड्यात सुकन्याला सोलापूरच्या रुग्णालयातून फोन आला. तिथले सगळे संगणक बंद पडले होते, पेशंटचे रिपोर्ट अडकले होते. आयटी विभागाची प्रमुख तीच. पूर्वी अशा वेळी जो तो दिसेल ते बटण दाबायचा. तिने वर्षभर भांडून पुण्याच्या नोकरीत शिकलेली शिस्त लावली: तक्रार नोंदवायची, एकाने सूत्रं हाती घ्यायची, बिघाडाचं मूळ शोधायचं. “पुण्याचं फॅड,” म्हणून सगळ्यात जास्त हसला होता तो तिचा सहकारी सिद्धराम. ती पर्स उचलून दाराशी पोचली, तेवढ्यात त्याचा फोन आला. “मॅडम, तुमी येऊ नका. ठरलंय तसंच करतोय की आमी!” अर्ध्या तासाने त्याने कळवलं, “चालू झालं! पण मूळ सापडल्याबिगर कुणी उठणार न्हाय.” “सोलापूरला निघायचं ना?” नवऱ्याने विचारलं. “कशाला? माझ्यावाचून अडत नाही आता त्यांचं,” ती ताठ मानेने म्हणाली.