पांढऱ्या कार्नेशनची जुडी

लेआँद्र कासाल म्हाताऱ्या दाईच्या वेषात आरशासमोर बसून शालीचा उसवलेला काठ शिवत होता. तोंडावर सुरकुत्या रंगवून झाल्या होत्या, पांढरा टोप डोक्यावर घट्ट बसला होता. रविवारचा दुपारचा खेळ, हंगामातला शेवटचा. सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता.

मागच्या बाकावर फुलांच्या जुड्या मांडल्या होत्या. चौदा गुलाबांच्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. खेळ चालू असताना त्या नटांच्या खोल्यांत पोहोचायच्या. तूलूझच्या या नाटकघरात मालक कुणाला तोंडानं काढून टाकत नाही. खोलीत गुलाब दिसले, की पुढच्या हंगामाला या. कार्नेशन दिसली, की पेटी भरा. कारण विचारायचं नसतं.

पंधरावी जुडी पांढऱ्या कार्नेशनची होती. तिला चिठ्ठी नव्हती. नाटकघर हाती आल्यापासून लेआँद्रनं कुणालाही कार्नेशन दिली नव्हती. तरी दर हंगामाला एक जुडी तो मागवायचा आणि स्वतःच्याच आरशासमोर ठेवायचा. राग सुकू नये म्हणून.

दार ढकलून ओक्ताव्ह बर्नुई आत आला. एकेकाळी तो या नाटकघराचा मालक होता. आता गुडघे गेले होते, आणि कोटाची बटणं वरखाली लागली होती.

"कासाल कुठाय, बाई?"

कपडेपट सांभाळणारी म्हातारी समजला होता तो. लेआँद्रनं सुई थांबवली नाही.

"येतील की. बसा, साहेब." आवाज दाईचाच निघाला, घोगरा आणि नाकातला.

बर्नुई बाकाकडे बघत उभाच राहिला. "माझी लेक आहे इथं. ओदील. तिच्या खोलीत आज काय जाणार, तेवढं कळलं असतं तर..." मग स्वतःच म्हणाला, "गरजवंताला अक्कल नसते बघा. नवरा पळालेला, दोन लेकरं, चाळिशी उलटली. इथून निघाली तर तिला कोण उभं करणार?"

"गुलाब आहेत तिला. मीच चिठ्ठी बांधली. काम चांगलं करते पोरगी."

हे खरं होतं. ओदीलचं नाव गुलाबांनाच बांधलेलं होतं.

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला आणि खुर्चीत बसला. तेव्हाच उठून गेला असता तर बरं झालं असतं. पण सुटकेनं माणसाची जीभ सैल होते.

"मला रात्रभर झोप नाही. म्हटलं, हा माणूस डूख धरणारा, आज सूड उगवणार माझ्यावर."

"कशाबद्दल, साहेब?"

"तीस वर्षं झाली. मी त्याच्या खोलीत कार्नेशन ठेवली होती."

लेआँद्रला ते सांगायची गरज नव्हती. तेव्हा तो बाविशीत होता. त्या फुलांचं कारण तो आरशात शोधत राहिला. नाक? आवाज? चाल? मग एकेक बदलायला घेतलं. राजा झाला, कुबडा झाला, बिशप झाला, सासू झाला. पॅरिसच्या पेपरांनी त्याला शंभर चेहऱ्यांचा माणूस म्हटलं. लोकांना वाटायचं, काय ही कलेची भूक. भूक कसली, खुन्नस होती. या म्हाताऱ्याला एक दिवस आपला कुठला चेहरा नडला होता ते विचारायचं, एवढ्यासाठी सगळे चेहरे जमवले होते.

"काम जमत नव्हतं का त्याला?" दाईनं विचारलं.

"छे हो. काम झकास करायचा." बर्नुई हसला. "गुलाब संपले होते. फूलवालीकडं एक जुडी कमी पडली. त्याची खोली शेवटची, जिन्याखालची. म्हटलं, ठेवा त्याला कार्नेशन."

सुई बोटात घुसली. लेआँद्रनं बोट चोखलं.

"मागून सांगायचं होतं की."

"दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून गेलेला. आणि एका नटामागं कोण धावणार, बाई? नट पैशाला पासरी मिळतात. आता तर मला वाटतं, माझ्यामुळंच तो मोठा झाला. त्यानं आभार मानायला हवेत माझे."

लेआँद्रनं दोरा दातानं तोडला आणि शाल खांद्यावर घेतली. मग तो उठला. उठताना दाईची पाठ हळूहळू सरळ होत गेली. बर्नुईनं मान वर करून बघितलं, आणि त्याचं हसू अर्धवट राहिलं.

बाकापाशी जाऊन लेआँद्रनं गुलाबांच्या एका जुडीवरची चिठ्ठी सोडली. ओदील बर्नुई. ती त्यानं कार्नेशनला बांधली, दोन गाठी मारून. मोकळे झालेले गुलाब आणून आरशासमोर ठेवले, दर हंगामाला कार्नेशन ठेवायचा तिथं.

"कासाल," बर्नुई खुर्चीचा हात धरून उठायला बघत होता. "अहो, तिनं काय केलंय? काम चांगलं करते, तुम्हीच म्हणालात."

"झकास करते," लेआँद्र आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाला. "पण काय करणार, साहेब? एक जुडी कमी पडली."

रंगमंचाच्या फळ्यांवर खेळ सुरू करायचे काठीचे तीन ठोके पडले. लेआँद्रनं पाठ वाकवली, ओठ आत ओढले, आणि म्हातारी दाई भिंतीला धरत, कण्हत बाहेर गेली.