दोनशे सोळावं पान

सहाशे पंचावन्न. कालच्यापेक्षा एक जास्त.

लेनोर स्टॅडनिक रोज आधी ड्वेनचा आकडा बघायची, मग स्वतःचा. इतर संशोधकांनी आपापल्या पेपरांत ड्वेन ह्रुस्काचे दाखले इतक्या वेळा दिले होते. तिचे दाखले दोनशे त्रेचाळीस. अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका विद्यापीठात दोघं तीस वर्षं एकाच मजल्यावर, एकाच विषाणूवर काम करत होती. गव्हाच्या पानांवर पिवळ्या रेघा पाडणारा विषाणू. आता त्यासाठी एक अध्यासन, म्हणजे मानाचं प्राध्यापकपद, निघालं होतं. जागा एक, अर्ज दोन, आणि फाइल आज पाचला बंद.

“डॉक्टर, तुमच्या यादीत एक गंमत सापडली,” ग्रंथालयातल्या ओपलने चष्मा कपाळावर सारला. “तुमचा त्र्याण्णवचा पेपर दोनदा जन्मलाय.”

पेपर छापला होता पान २६१ वर. पण दाखला देताना कित्येकांनी पान २१६ लिहिलं होतं. त्यामुळे संगणकाने तो भलताच पेपर समजून वेगळा टाकला होता.

“असे किती?”

“चारशे तीस.”

लेनोरने मनात बेरीज केली. मग पुन्हा केली. सहाशे त्र्याहत्तर. ड्वेनपेक्षा अठरा जास्त.

“पहिल्यांदा कुणी लिहिलं हे?”

ओपल यादीच्या तळाशी गेली. “ह्रुस्का, चौऱ्याण्णव. बाकीच्यांनी त्यांच्याच यादीतून उचललंय. तुमच्या नावातलं एक अक्षर त्यांच्याकडून गळलं होतं, तेही सगळीकडे गळलंय. म्हणजे मूळ पेपर कुणी उघडलेलाच दिसत नाही.”

शेवटचं वाक्य लेनोरने कानाआड केलं.

“दुरुस्तीच्या अर्जात चूक कुणाची ते लिहावं लागतं,” ओपल म्हणाली.

“ड्वेनची. लिही. पण पाठवू नकोस, मी फोन करते. आधी मला त्याचं तोंड बघायचंय.”

ड्वेन काचघरात होता. प्रयोगासाठी लागण करायला कोवळ्या पानांवर बारीक खरखरीत पूड भुरभुरवून त्यावर रोगट पानांचा रस बोटाने चोळत होता. एकेक पान, बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा तसं. बाकावर कोलाचेंचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, खोका उघडा होता.

“ये. शेवटचे दोन उरलेत. तुझ्यासाठी लपवून ठेवले, पोरं सोडतात होय?”

“तीस वर्षं माझे दाखले खाल्लेस, ते पुरले नाहीत वाटतं!”

तिने यादी त्याच्यासमोर धरली. ड्वेनने हात धुतले, पुसले, यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

“अक्षर गळलं ते माझंच पाप,” तो म्हणाला. “पण पान... आकडे मी मनाने लिहीत नाही गं. थांब.”

त्याने बाकाखालच्या खणातून एक प्रत काढली. कडा मऊ पडलेल्या, टाचणीचा गंज कागदात उतरलेला. पेपर छापून येण्याआधी तिने त्याला दिलेली. वर निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘ड्वेन, हा तरी वाच. येत्या अंकात, पान २१६.’

अक्षर तिचं होतं. दोनाच्या आकड्याची ती लांब शेपटी ती अजून तशीच काढायची.

लेनोरने पान उलटलं. समासात सगळीकडे पेन्सिल होती. कापणीनंतर आपोआप उगवलेल्या गव्हात विषाणू उन्हाळा काढतो, असं तिने लिहिलं होतं. त्याच्या शेजारी: ‘खरं वाटत नाही.’ खाली तारीख, कुंड्यांची संख्या, तपमान. पुढच्या पानावर दुसरी तारीख. मग तिसऱ्या वर्षाची. सगळ्यात शेवटी, दोनदा अधोरेखित: ‘तिचंच बरोबर.’

“तू हे तीनदा करून पाहिलंस?”

“मग? तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार!” ड्वेन हसला. “तीन उन्हाळे वाया घालवलेस माझे.”

तिचा फोन वाजला.

“डॉक्टर, पाचला वीस कमी,” ओपल म्हणाली. “पाठवू का? चूक ह्रुस्कांची, बरोबर?”

ड्वेन पुन्हा कुंड्यांकडे वळला होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

“माझी,” लेनोर म्हणाली. “चूक माझी लिही.”

“बरं.”

“पण ते चारशे तीस जोड. एकही सोडू नकोस.”

तिने फोन ठेवला. काचघरात पंखा फिरत होता. ड्वेनने पुढच्या पानावर पूड भुरभुरवली.

“किती झाले?” त्याने न वळता विचारलं.

“अठरा जास्त. तुझ्याहून.”

“अरे वा! मग दोन्ही कोलाचे तुझे.”

खोक्याकडे तिने पाहिलंही नाही. प्रत अजून तिच्या हातात होती.

“ही मी ठेवू?” तिने विचारलं.

“छे, छे,” ड्वेन म्हणाला, आणि रसाने हिरवं झालेलं बोट दूर धरून दुसरा हात त्याने पुढे केला. “ती मला अजून लागते.”