चावण्याचा आवाज

लंडनजवळच्या ब्रॅकनेलमधल्या आमच्या ऑफिसात तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हातातलं सँडविच खाली ठेवावं लागलं. म्हाताऱ्या माणसांना औषधांची आठवण करून देणारं ॲप आम्ही बनवत होतो. प्रत्येक वाक्यानंतर त्यातून कुणीतरी ओलं, लिबलिबीत काहीतरी चावून गिळत असल्याचा आवाज यायचा.

असला आवाज आमच्यापैकी कुणीच त्यात घातला नव्हता. मी तीनदा तक्रार नोंदवली.

माझा मॅनेजर अवधूत म्हणाला, "अगं, बीटा आहे, चाचणीपुरतं. फुकट मिळतंय म्हटल्यावर लोक चालवून घेतात."

आणि ती घाण दोन हजार घरांत गेली.

त्यातलं एक घर लंडनच्या पिनर भागात राहणाऱ्या माझ्या मोहनकाकांचं. रविवारी मी गेले तेव्हा काका फोनला जोडलेल्या स्पीकरशेजारीच बसले होते.

"काका, किळस नाही येत तुम्हाला?"

"सवय झाली गं. जेवताना तेवढीच सोबत."

तेवढ्यात आमच्याच टीमचं अपडेट आलं. 'चावण्याचा आवाज काढला आहे.' अवधूतला शिव्या घालतच मी ते काकांच्या फोनवर टाकलं.

बरोबर एक वाजता स्पीकर बोलला, "मोहन, टेक युअर टॅब्लेट."

पुढे काहीच नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग तो आवाज आला. तसाच ओला, तसाच लिबलिबीत. मी स्पीकरची वायर उपटली, तरी थांबेना.

मी मागे वळले. समोर ताट नव्हतं, तरी काका माझ्याकडे बघत शांतपणे चावत होते. गोळी अजून त्यांच्या तळहातावरच होती.