चारचं औषध

"तुझं 'आय' इस्त्री करून घडी घातल्यासारखं वाटतं," पियानोवाला म्हणाला आणि त्याने झाकण लावून टाकलं.

शनिवारी तिचा कार्यक्रम होता, पाच स्पॅनिश गाण्यांचा. फ्लामेंको हे तिकडचं लोकसंगीत गाणारे पोटातून जो आक्रोश काढतात, तो संगीतकाराने शहाण्यासारखा कागदावर उतरवला होता. शब्द एकच, 'आय', म्हणजे आपलं 'हाय', आणि त्याच्यावर सोळा सूर. ऑपेराच्या शिस्तीत वीस वर्षं घासलेल्या गळ्याला सोळा सूर म्हणजे हातचा मळ.

"सूर चुकतोय का?"

"चुकत नाही, तोच तर घोळ आहे. तुला काही दुखतंय असं वाटतच नाही. शनिवारी हे असं गायलीस तर लोक टाळ्या वाजवतील आणि घरी जाऊन विसरतील."

तो पाय मोकळे करायला खाली गेला. तालमी तिच्या घरीच चालत, कारण आईला एकटं सोडता येत नसे. आजार हाडांत उतरला होता. दर सहा तासांनी औषध दिलं की दुखणं निमूट बसायचं, आणि वेळ टळली की डोकं वर काढायचं.

चार वाजून गेले होते. तिने मापात औषध ओतलं आणि ती आतल्या खोलीच्या बंद दाराशी आली. तेवढ्यात आई कण्हली.

"आई गं..."

तिचा हात कडीवरच राहिला. आधी श्वास सुटला होता, सूर मागून आला होता. मग तो घसरला, मध्येच अडकला, फाटला, आणि शेवटी तोंडातल्या तोंडात मिटला. हा मिटलेला शेवट तिला कोणी शिकवलाच नव्हता.

आणखी एकदाच, असं तिने स्वतःला सांगितलं. आई पुन्हा कण्हली. मग आणखी एकदा. स्वतःची किळस येत होती, तरी ओठ आवाज न करता त्याच वळणाने हलत होते. चार वाजून चौदा मिनिटांनी तिने दार उघडलं.

आईने औषध घेतलं आणि तिचं मनगट धरून ठेवलं.

"किती वेळ उभी होतीस?"

"आत्ताच आले."

"दाराखालच्या फटीतून पाय दिसतात गं." आईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "लागलं का ते तुझं 'आय'?"

तिने मोकळ्या हाताने आईचं पांघरूण सारखं केलं.

"तुमच्या तालमीत अडथळा नको म्हणून कण्हणं आलं की मी तोंडावर उशी दाबून धरते," डोळे मिटत आई म्हणाली. "उद्या नाही धरणार."